पाणी लागलं व्हय?

“पाणी लागलं व्हय ताई?” दूधवाल्या मावशींनी विचारलं आणि मला पटकन काही सुचेना. एक तारखेपासून रतीब अर्धाच घाला, एवढंच मी म्हणाले होते. रतीब कमी व्हायचं त्यांना ठाऊक असलेलं कारण एकच, गिऱ्हाइकाला पाण्याचा संशय आला. त्यांनी जिन्यातच किटली खाली ठेवली आणि मापात बोट बुडवून माझ्यापुढं धरलं. दूध बोटाला धरून राहिलं होतं, ओघळायला वेळ लावत होतं. “म्हशीचं हाय. बघा की.” मी म्हटलं, तसं नाही हो मावशी, ह्यांनी दूध सोडलंय. “डाक्टरनी सांगितलं?” नाही, शिबिरात सांगितलं. “काय सांगितलं?” आता दूध म्हणजे पांढरं विष, असं शिबिरात सांगितलं हे पहाटे चारला उठून ते काढणाऱ्या बाईला तोंडावर कसं सांगायचं? “शुगरमुळं,” एवढं म्हणून मी विषय मिटवला. शुगर म्हटलं की सांगलीच्या आमच्या विश्रामबागेत पुढं कुणी विचारत नाही, घरटी एक तरी आहेच. मावशी किटली उचलून खाली उतरल्या, पण वळणावर थांबून त्यांनी एकदा मापाकडं बघितलं. त्यांचा संशय काही फिटला नव्हता. माझ्याही डोक्यातून ते बोट दिवसभर जाईना.

शिबिर व्हीगन आहाराचं, म्हणजे जनावराकडून येणारं काहीच न खाण्याचं, एका मंगल कार्यालयात होतं. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून असल्या ठिकाणी जातात, मी सोबत म्हणून गेले. लग्नातल्याच लाल खुर्च्या, पुढं पडदा, मधल्या सुट्टीत काकडी, मोड आलेले मूग आणि गवती चहाचं पाणी. पहिला तास मी मन लावून ऐकला. पॉलिशचा तांदूळ कमी करा, डाळी-कडधान्यं वाढवा, पानातली अर्धी जागा भाजीला द्या, पाकिटातलं खाऊ नका, रात्रीचं लवकर जेवा. ह्यात वाद घालण्यासारखं काय आहे? माझी आजी हेच म्हणायची, फक्त तिच्याकडं पडदा नव्हता. मग दुसऱ्या तासाला गाडी घाटात शिरली. दुधानं हाडं झिजतात. दुधात पू असतो. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व मातीत असतं, भाजी फार धुऊ नका. आंबवलेलं खा, स्पिरुलिना नावाचं शेवाळ घ्या, गोळ्यांची गरज नाही. आयोडीनचं मीठ टाका, सैंधव आणा. आणि शेवटी एका वासराचा फोटो आला, मोठ्या डोळ्यांचा, खाली ओळ होती, “हे दूध माझं आहे.” सभागृहात थोडी चुळबुळ झाली. वक्त्यानं तो फोटो भराभर पुढं ढकलला आणि पुन्हा शुगरच्या आकड्यांवर आला.

मला तो फोटो तिथं थांबायला हवा होता.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात जे झालं त्याची गंमतही आहे. दूध, दही, तूप, पनीर बाहेर गेलं. भडंग मात्र राहिलं. सांगलीचं भडंग म्हणजे चुरमुरे, तेल, शेंगदाणे, लसूण आणि मसाला. त्यात जनावराचं काही नाही, म्हणजे ते व्हीगन, म्हणजे ते खायला हरकत नाही, असा ह्यांचा हिशेब. त्या हिशेबानं बटाटेवडाही चालतो आणि जिलेबीही वनस्पती तुपात तळली की चालते. बदामाचं दूध घरी करून पाहिलं. गार पिताना बरं लागायचं, उकळत्या चहात घातलं की फाटून चोथा वर यायचा. दुकानातलं ओटचं दूध लिटरला दोनशेच्या वर, ते एकदाच आलं. सोयाबीनचं मी हौसेनं केलं, आमच्या जिल्ह्यात पिकतं म्हणून. रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, वाटायचं, गाळायचं आणि मग पातेल्याजवळून हलायचं नाही, कारण ते दुधापेक्षा वाईट उतू जातं. चांगलं उकळल्याशिवाय चालत नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात. एवढं करून वर तो हिरवट वास. ह्यांनी दोन घोट घेतले आणि कप खिडकीत ठेवून दिला. शेवटी चहाच सुटला. सैंधव मिठाचा डबा मी देवघराजवळ ठेवला आहे, उपासाला. भाजीत नेहमीचं आयोडीनचंच मीठ जातं. ह्यांना कळलेलं नाही, आणि हा लेख ते वाचणार नाहीत असं मी धरून चालले आहे.

आता खरं सांगायचं तर ह्यांची तब्येत सुधारली. पोट उतरलं, साखरेचे आकडे खाली आले. शिबिराच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या, हे म्हणाले, बघ दुधाचा परिणाम. मी मनात मोजत होते. दिवसाचे चार-पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, चहाबरोबर बेकरीची खारी किंवा बिस्किटं, रात्री साखर घातलेलं कपभर दूध. दूध गेलं आणि त्याचं बोट धरून हे सगळं गेलं. त्याच्या जागी मटकीची उसळ आली, पालेभाजी आली, ज्वारीची भाकरी आली. ह्यातलं नेमकं कशानं गुण दिला हे आमच्या घरच्या प्रयोगातून कळणार नाही. बाहेर असे प्रयोग नीट झालेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ जुळ्या जोड्या घेतल्या होत्या. आठ आठवडे जोडीतल्या एकाला व्हीगन जेवण दिलं, दुसऱ्याला मांस-दूध असलेलं, पण तेही चांगलंच. व्हीगन जेवणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उतरलं. तेव्हा ह्या सल्ल्यात काहीच दम नाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ५५ हजार लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून असलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात शाकाहारी लोकांना हृदयविकार कमी आढळला. पण त्याच लोकांची मोडलेली हाडं मोजली तेव्हा व्हीगन मंडळींचं खुब्याचं हाड मांस खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात मोडलेलं निघालं. हे २०२० साली छापून आलं. शिबिरात पहिली गोष्ट पडद्यावर होती, दुसरी नव्हती.

माझं माहेर आटपाडीच्या पुढं, माणदेशात. आमच्याकडं कुणी व्हीगन हा शब्द ऐकला नव्हता, पण ताट जवळपास तसलंच असायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीचं कालवण, तांदुळजा, अंबाडी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी. घरची शेळी आटली नसली तर तिचं दूध चहापुरतं. ताक मिळालं तर शेजारच्या घरातून, लोटा घेऊन जायचं आणि उगाच इकडच्यातिकडच्या गप्पा मारत उभं राहायचं, मागायची लाज वाटते म्हणून. १९७२ च्या दुष्काळात दावण रिकामी झाली तेव्हा मी लहान होते. त्या वर्षी दूध बघितल्याचं मला आठवत नाही, रेशनचा लाल मिलो आठवतो. आता शिबिरात “आपले पूर्वज असंच खात होते, म्हणून ठणठणीत होते” असं म्हणतात तेव्हा मला आईची जीभ आठवते. लालभडक, सोलल्यासारखी. भाकरीचा तुकडा चटणीला लावताना ती डोळे मिटून घ्यायची. हातापायाला मुंग्या येतात म्हणून रात्री आम्हाला पायावर उभं करायची. गावात अर्ध्या बायका अशाच होत्या, चेहऱ्यानं पांढऱ्याफटक, जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागणाऱ्या. त्याला कुणी आजार म्हणत नसे. बाईमाणसाचं असंच असतं, म्हणत.

त्या ताटात चांगलं पुष्कळ होतं, ते नाकारत नाही. भाकरी आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात. धान्यात जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते डाळीत असतात. मोड आणले की कडधान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, वर लिंबू पिळलं की आणखी. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं बरंच वाया. पाटण-जावळीकडच्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात तेवढ्याच वजनाला एकशेवीसच्या आसपास. म्हणजे दुधाशिवाय हाडं होतच नाहीत हेही खोटं. जवसातली चरबी चांगली, पण माशातून जे थेट मिळतं ते त्यातून शरीराला फार थोडं बनवता येतं. एवढं सगळं आजीच्या चुलीवर होतं. नव्हतं ते बी-ट्वेल्व्ह. आणि नेमकं तेच पडद्यावर मातीत असल्याचं सांगितलं गेलं.

ह्या जीवनसत्त्वाची गोष्ट मला फार ओढते. व्हीगन हे नाव १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाच्या माणसानं आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी ठरवलं. लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना त्यानं पाहिलं होतं, तिथून त्याचं मांस सुटलं. पुढं दुधाच्या धंद्यातल्या वासराचं काय होतं ह्याचा विचार करता करता दूध सुटलं. तेव्हा बी-ट्वेल्व्ह कुणाला माहीतच नव्हतं. ते वेगळं काढता आलं १९४८ मध्ये, आणि त्याची घडण उलगडली डोरोथी हॉजकिन ह्या बाईंनी १९५६ च्या सुमारास. म्हणजे पहिली चार वर्षं ही मंडळी अंधारात चालत होती, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आज तसं नाही. आज आपल्याला माहीत आहे की हे जीवनसत्त्व ना झाड बनवतं ना जनावर, ते फक्त जंतू बनवतात. जनावराच्या पोटातून ते दुधामांसात उतरतं. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतेक त्याचं सोंग, शरीराच्या उपयोगाचं नाही. न धुतलेल्या भाजीतून ते मिळवायला गेलात तर आधी जंत मिळतील.

आणि सगळ्यात लबाड भाग पुढंच आहे. यकृतात ह्याचा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. तो भरलेला असला तर आज दूध-मांस सोडलेल्या माणसाला सहा महिन्यांत काहीच होणार नाही. उलट भाज्या वाढल्यानं त्याला हलकं वाटेल, कांती सुधारेल, तो मंचावर येऊन सांगेल की मला बघा. तो खोटं बोलत नसतो. त्याची साक्ष फक्त फार लवकर घेतलेली असते. पालेभाजीतलं फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर असल्यानं रक्तही बरं दिसत राहतं आणि आत नसा मात्र झिजत असतात. बधिरपणा, तोल जाणं, विसरभोळेपणा, हे येतं तेव्हा शिबिर होऊन जमाना झालेला असतो आणि दोष वयाला जातो.

ह्यांच्या पायाला मुंग्या येत होत्या. शिबिरानंतर थोड्याच दिवसांत मी मिरजेला डॉक्टरांकडं नेलं, आणि रक्तात बी-ट्वेल्व्ह तळाला निघालं. मी तयारीतच होते, आता सांगते, म्हणून. पण डॉक्टरांनी माझा मुद्दा निघायच्या आतच काढून घेतला. दूध सोडून इतक्यात हे होणार नाही, म्हणाले. हे जुनंच आहे. शुगरची मेटफॉर्मिनची गोळी कितीतरी वर्षं चालू आहे, तिनं हे जीवनसत्त्व शोषलं जाणं कमी होतं. वर पित्ताची गोळी रोज, तीही तेच करते. शिवाय जन्मभर चहातल्या दोन चमचे दुधावर कुणाचं भागतं? शंभर मिलिलिटर दुधात अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा धड नसतं, लागतं दिवसाला सव्वादोन-अडीच. म्हणजे अर्धा लिटर दूध प्यायला हवं, आणि तेही पुन्हा पुन्हा उकळून नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये हे मोजून छापलं होतं: पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या मध्यमवयीन पुरुषांत तीनांपैकी दोघांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी. ही माणसं व्हीगन नव्हती. घरात दूध होतं, कुणाच्या घरी सणावारी मटणही.

ह्यांनी ते बरोब्बर पकडलं. “साठ वर्षं दूध प्यालो, तरी कमीच ना? मग दूध काय कामाचं?”

ह्याला उत्तर नाही. दूध प्यायल्यानं आपलं सगळं ठीक चाललंय, हा आपल्या शाकाहारी घरांचा समज शिबिरातल्या समजाइतकाच पोकळ आहे. फरक एवढाच की आपल्या समजाला शिबिर लागत नाही. इंजेक्शनं सुरू झाली, मग गोळ्या. ह्या गोळ्यांतलं बी-ट्वेल्व्ह टाक्यांत जंतू वाढवून काढतात, त्यात कुठलं जनावर येत नाही. व्हीगन माणसानं ती घ्यायला काहीच अडचण नाही. इतकी स्वस्त, इतकी साधी गोष्ट, आणि तिच्याविषयी “गरज नाही” असं माइकवरून सांगायचं! भाकरी-भाजीचा सल्ला देणाऱ्यावर मी कधी चिडत नाही. ह्या दोन शब्दांवर मात्र चिडते. माझ्या नात्यातली एक मुलगी पोटुशी आहे, तिच्या फोनवरही हेच व्हिडिओ येतात. आईच्या अंगात बी-ट्वेल्व्ह नसलं तर त्याचा परिणाम पोटातल्या बाळावर होतो, हे पुण्यातल्याच त्या अभ्यासांनी पुढं दाखवलं आहे. मोठ्या माणसानं स्वतःवर काय करायचं ते करावं. तिथं नको.

आमची लेक पुण्यात असते. तिनं दूध ह्यांच्या कितीतरी आधी सोडलं, कुठल्या शिबिराविना. ती तब्येतीचं नावही काढत नाही. गोळी घेते, दर वर्षी रक्त तपासते, घरी आली की माझ्या माहेरचं जेवण मागते आणि शेंगदाण्याच्या दह्यात कोशिंबीर करते, जी चवीला बरी लागते हे मी तिला अजून म्हटलेलं नाही. बाप-लेक आता एकाच पंथाचे म्हणून जवळ येतील असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. सकाळी हे गरम पाण्यात मध घालायला लागले तर ती म्हणाली, “बाबा, मध नाही चालत.” “मधाला काय झालं?” “मधमाश्यांचा असतो.” हे थोडा वेळ चमचा हातात धरून बसले. मग म्हणाले, “पण तो प्रकृतीला चांगला असतो.” लेकीनं माझ्याकडं बघितलं. एकाच ताटावर बसून दोघं वेगवेगळं जेवत होती. ह्यांनी दूध स्वतःसाठी सोडलंय. तिनं ते रेडकासाठी सोडलंय.

आणि रेडकाचं खरं आहे. तिच्या हट्टानं आम्ही दोघी एकदा मावशींच्या गोठ्यावर गेलो, अंकलीला. संध्याकाळची धार होती. म्हशीपुढं आंबोणाची पाटी ठेवली, रेडकाचं दावं सोडलं. ते धडपडत कासेला लागलं, ढुशा द्यायला लागलं, तोंडाला फेस आला. म्हशीनं पान्हा सोडला तशी मावशींनी त्याला मानेला धरून ओढून बाजूला बांधलं. ते पाय रोवून मागं लागत होतं, जीभ बाहेर, सडाच्या दिशेनं हवेतच चोखत. मग कासंडीत धारा पडायला लागल्या, आधी भांड्याच्या तळावर कोरडा आवाज, मग दुधात दूध पडल्याचा जाड आवाज. शेवटी एक सड राखून रेडकाला पुन्हा सोडलं. “ही रेडी हाय,” मावशी म्हणाल्या, “हिला राखाय लागतं.” लेकीनं विचारलं, आणि टोणगा झाला तर? मावशींनी कासंडीवर फडकं बांधता बांधता सांगितलं, “टोणगं जगत न्हाई.” तेवढंच. जगत न्हाई. कोपऱ्यात भिंतीला पेंढा भरलेलं एक कातडं टेकवून ठेवलेलं होतं, कान अजून शाबूत. ज्या म्हशीचं रेडकू गेलं तिच्यापुढं ते उभं करतात, ती ते चाटते आणि पान्हा सोडते. लेक बाहेर जाऊन उभी राहिली.

गाईच्या गोऱ्ह्याचं वेगळं. शेतात ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैल-वळू कापायला बंदी आली, म्हणून जर्सीचा गोऱ्हा विकायला गिऱ्हाईक नाही आणि पोसायला वैरण नाही. बेंदराला ज्याच्या शिंगाला हिंगूळ लावून पुरणपोळी चारायची त्याच्याच जातीचं वासरू रात्रीतून दुसऱ्या गावच्या रस्त्यावर सोडून यायचं, हेही आमच्याच भागात होतं. आता कालवडीच जन्माव्यात म्हणून वेगळं काढलेलं रेत मिळतं. म्हणजे गोऱ्ह्याचा प्रश्न तो जन्मायच्या आधीच मिटवायचा. हे दयेचं की हिशेबाचं, मला ठरवता येत नाही.

म्हणून मला त्या शिबिराचा राग येतो तो दुधाला नावं ठेवली म्हणून नाही. व्हीगन सल्ल्यात सगळ्यात खणखणीत मुद्दा हाच आहे, रेडकाचा. आणि लोकप्रिय सल्ला ताकाला जाऊन भांडं लपवतो. वासराचा फोटो एक क्षण दाखवायचा आणि लगेच केस गळती, गुडघेदुखी, शुगरवर यायचं, कारण रेडकासाठी कुणी दूध सोडणार नाही असा त्यांचा अंदाज असतो. तब्येतीसाठी सोडतील. मग तब्येतीचं वचन फुगवावं लागतं, दुधात पू दाखवावा लागतो, गोळीची गरज लपवावी लागते. आणि मुंग्या आल्या की माणूस सगळंच टाकून देतो, पालेभाजीसकट.

पण रेडकाचा मुद्दा मान्य करूनही माझं अर्धं मन अंकलीच्या गोठ्यातच राहतं. उसाचं बिल कारखान्याकडून येईल तेव्हा येतं, आणि ते घरधन्याच्या खात्यावर. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी. त्यातून किराणा, पोराची फी, गॅस. मावशींच्या हातात येणारा एवढाच पैसा त्यांचा. दूध घरात कुणी पीत नाही. गोठ्यावर आम्हाला दिला तो चहाही कोराच होता, तो लेकीला चालला. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक माणसांनी जनावरं सोडून होडीत बसायला नकार दिला होता, त्यात मावशीही होत्या. टोणगं जगत न्हाई म्हणणारी आणि म्हशीसाठी पाण्यात उभी राहणारी बाई एकच. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “प्रेम आहेच गं आई, मी कुठं नाही म्हणते.” पुढं काही बोलली नाही.

पर्यावरणाचं ती जास्त तावातावानं बोलते. २०१८ च्या ऑक्सफर्डच्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणं गाईच्या दुधामागं हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू सोया-ओटच्या दुधाच्या साधारण तिप्पट. जगातल्या सोयाबीनपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास माणूस खातच नाही, जनावरं-कोंबड्यांच्या पोटात जातं. आमच्या सांगलीचं सोयाबीनही तेल निघालं की पेंड होऊन पोल्ट्रीकडंच जातं. मी म्हणते, अगं पण मावशींची म्हैस काय खाते? हंगामात उसाचं वाडं, इतर वेळी कडबा. ते माणसाच्या तोंडचं थोडंच आहे? ती म्हणते, वाडं खाऊनही म्हैस मिथेन सोडतेच, आणि दूध कमी देणारी म्हैस लिटरमागं जास्त सोडते. बरोबर आहे तिचं. आणि कॅलिफोर्नियातून आलेले बदाम भिजवून त्यांचं दूध काढायचं, हेही काही मला पटत नाही. सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात ते खायला कुणी शिकवत नाही आणि बदामाची रेसिपी मात्र प्रत्येक शिबिरात. ह्यावर ती हसली, म्हणजे हा मुद्दा मला मिळाला.

आमच्याकडं आता असं चाललंय. अर्धा लिटर दूध येतं, मला आणि सासूबाईंना. त्यांना सायीची भाकरी लागते, आणि ह्या वयात त्यांच्या ताटातलं मी काही काढणार नाही. हे गोळी घेतात, माडगं पितात, भडंग खातात. मधाचा वाद मिटलेला नाही.

मागच्या आठवड्यात शिबिरवाल्यांचा फोन आला. ह्यांचा अनुभव हवा, मिनिटभराचा व्हिडिओ. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, बाल्कनीत उजेडाकडं तोंड करून बसले आणि मनापासून बोलले. शुगर किती उतरली, वजन किती उतरलं, आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतोय, तुम्हीही तपासून घ्या. व्हिडिओ ग्रुपवर आला तेव्हा शुगर होती, वजन होतं, इंजेक्शनं नव्हती. ह्यांनी तो दोनदा बघितला. मग लेकीला फोन लावून, आपल्या फोनमधला पूर्ण व्हिडिओ बँकेतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर कसा टाकायचा ते विचारून घेतलं आणि टाकला. रात्रीपर्यंत तिघांनी इंजेक्शनचं नाव विचारलं. एकानं विचारलं, बदाम कुठून घेता.